दुसरा दांडा: जीपने शिकवलेलं गिअरचं गणित

मागच्या दिवाळीच्या सुमारास मी चिखल्याला होतो. हो, तुमसर तालुक्यातलं, मँगनीजच्या खाणीचं चिखला. बांधीतून धानाची पोती भरून निघालेली आमची पिकअप पहिल्या गिअरमध्येही हलेना. क्लच जळाल्याचा वास आला आणि काका म्हणाले, "पुढची गाडी मोठ्या इंजिनची घेऊ." तेव्हापासून मला प्रश्न पडलाय, कमी पडलं ते इंजिन की गिअर?

उत्तरासाठी जरा मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन होतं फक्त 60 हॉर्सपॉवरचं. गिअर तीनच. तरी ती चिखलातून निघायची. कारण मुख्य गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी होती, ट्रान्सफर केस. एका दांड्याने पुढच्या चाकांना ताकद मिळायची. दुसऱ्याने 'लो' टाकला की वेग घटायचा आणि ओढ वाढायची.

1945 मध्ये विलीजने जीपचा नागरी अवतार आणला, तो मुख्यतः शेतकऱ्यांसाठी. त्या पेटीतूनच शेतीची यंत्रं चालवायची सोयही मिळायची. ते दशक संपता संपता महिंद्राने मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली आणि हा दांडा आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर आला.

आता गणित बघा. पुढे आलेल्या सीजे-3बी जीपचा पहिला गिअर साधारण 2.8 चा, क्राउन-पिनियन 5.38 चं. गुणाकार केला की 15. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन 15 वेळा फिरतं. लो टाकला की आणखी 2.46 ने गुणायचं, झाले 37! इंजिन तेच, पण चाकावरची ओढ जवळपास अडीचपट. गाडी बैलगाडीच्या चालीने निघते, क्लच घासावा लागत नाही.

मग हा दांडा गेला कुठे? रस्ते डांबरी झाले. जादा पेटीची किंमत, वजन आणि देखभाल नकोशी झाली. बहुतेक पिकअप मागच्या दोन चाकांवरच धावू लागल्या आणि पाचवा गिअर आला तो हायवेसाठी.

काकांना हा हिशोब दाखवला. ते म्हणाले, "वर्षातले दहा दिवस बांधीत, बाकी डांबरावर. मग क्राउन-पिनियनच बदलून घेऊ ना!" चालेल, ओढ वाढेल. पण मग प्रत्येक गिअरमध्ये, रोज, हायवेवरही इंजिन जास्त फिरणार आणि डिझेल जास्त पिणार. उलट, हौसेने मोठे टायर टाकले तर ओढ आणखी घटते. टायर दहा टक्के उंच, तर ओढ साधारण तेवढीच कमी.

जुन्या जीपवाल्यांची हुशारी मला इथेच दिसते. रोजचा गिअर न बिघडवता त्यांनी अडीअडचणीचा गिअर वेगळ्या पेटीत ठेवला. लागला तर टाका, नाही तर राहू द्या. फक्त कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून पळवू नका, पेटीवर ताण येतो.

काकांनी मोठ्या इंजिनाचा विषय सोडलाय. आता जुनी-नवी कुठलीही गाडी बघायला गेले की आधी आत डोकावतात, दुसरा दांडा आहे का ते पाहायला. तोपर्यंत पोती बांधावर ट्रॅक्टरने आणायची, असं ठरलंय.

भेटूया पुढच्या भागात!