डॅडच्या पऱ्या कुठून आल्या?

वेडातून कला जन्मते, या समजुतीचा पुरावा म्हणून लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयातल्या रिचर्ड डॅडकडे बोट दाखवले जाते. १८४३ मध्ये भ्रमाच्या भरात त्याने वडिलांचा खून केला, आणि १८४४ पासून वीस वर्षे तो बेथलेममध्ये होता. तिथेच त्याने पऱ्यांचे ते प्रसिद्ध चित्र रंगवले: लहानशा कॅनव्हासवर गवताच्या पात्यांआड दडलेली इवल्या आकृत्यांची दाटी. पण या पऱ्या आजाराने आणलेल्या नव्हत्या. डॅड रॉयल अकादमीत शिकलेला होता आणि निजलेल्या टायटानियाचे चित्र त्याने १८४१ मध्येच, म्हणजे आजार उघड होण्यापूर्वी, काढले होते.

कुणी म्हणेल, इतका झपाटलेला बारकावा निरोगी माणसाला कसा साधेल? त्या चित्रावर १८५५ ते १८६४ अशी नऊ वर्षे खर्ची पडली, हे आधी लक्षात घ्यावे. ते काढायला सांगणारा माणूसही रुग्णालयातलाच, तिथला कारभारी जॉर्ज हेडन. वेळ, रंग आणि वाट पाहणारा रसिक, तिन्ही त्याला लाभले. चित्रातल्या विचित्रपणात त्याच्या भ्रमांचा अंश असेलही, ते मी नाकारत नाही; मात्र आजाराने त्याचे घर, वडील आणि स्वातंत्र्य हिरावले, हात तेवढा शाबूत राहिला. १८६४ मध्ये त्याला ब्रॉडमूरला हलवले, तेव्हा ते चित्र अपुरेच होते.