कुलाब्याचा रायगड

रायगड जिल्ह्याचे जुने नाव काढले की मुंबईकर हमखास विचारतो, "कुलाबा म्हणजे ससून डॉकजवळचा?" तो नव्हे. हा कुलाबा म्हणजे अलिबागसमोरचा पाण्यातला किल्ला. ओहोटी लागली की घोडागाड्या थेट त्याच्या दारापर्यंत जातात. पाणी चढू लागले की गाडीवाल्यांच्या हाका सुरू होतात. इथूनच आंग्र्यांनी दर्या राखला. १८४० मध्ये गादीला वारस नाही म्हणून कंपनीने त्यांचे संस्थान खालसा केले, आणि १८६९ मध्ये ठाण्यापासून वेगळा कुलाबा जिल्हा निघाला. मुख्यालय अर्थात अलिबागच. कान्होजी आंग्र्यांच्या हिराकोटात आज जिल्ह्याचा तुरुंग आहे.

पुढे जिल्हा गोधडीसारखा जोडला गेला. १८८३ मध्ये पनवेल आले, १८९१ मध्ये कर्जत. स्वातंत्र्यानंतर जंजिऱ्याच्या नवाबाचे मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे आले आणि भोरकरांचे सुधागडही. आज तालुके १५ आहेत.

तालुके जोडणे कागदावरचे काम. खरा कस लागतो तो पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात. तिथे शेत आणि खाडी यांच्यामध्ये एक मातीचा बांध, एवढाच काय तो फरक. त्याच्या उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीचे आत येऊ द्यायचे नाही. उधाणाला बांधाला खांड पडली की खारे पाणी भातात शिरते आणि पुढचे काही पावसाळे ती जमीन रुसते. १९४८ च्या खारभूमी कायद्याने बांधांचा विषय सरकारदरबारी आला. खांडी पडायच्या थांबल्या नाहीत. अर्ज कुठे करायचा एवढे ठरले.

या जिल्ह्यात कागद आणि माणूस यांच्यातले अंतर नेहमी माणसांनीच कापले आहे. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तो दप्तरात पडून राहिला, आणि १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांची जमीन नांगरलीच नाही. खोती नाहीशी करणारा कायदा आला तो १९४९ मध्ये.

१ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला. मुख्यमंत्री तेव्हा अंतुले, म्हणजे म्हसळ्याकडच्या आंबेतचेच. शिवरायांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाले, याचा आनंद कोणाला नसेल? पण कचेरी रायगडाच्या पायथ्याला गेली नाही, समुद्राकाठीच राहिली. लोकवस्ती मात्र दुसरीकडे दाटली: २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या सव्वीस लाखांपैकी साडेसात लाख माणसे एकट्या पनवेल तालुक्यात निघाली, आणि २०१६ मध्ये तिथे महानगरपालिकाही झाली. आंग्र्यांना आरमारासाठी सोयीचा होता तो किनारा पोलादपूरच्या शेतकऱ्याला मात्र शंभराहून जास्त किलोमीटरवर पडतो. जिल्हाधिकाऱ्यांपुढे अपिलाची तारीख असली की तो पहाटेच्या एसटीने निघतो, आणि साहेब दौऱ्यावर आहेत हे त्याला हिराकोट तळ्यापाशी पोहोचल्यावर कळते.