सक्तीचा मानसोपचार : अर्जदाराचे दायित्व व संरक्षण (बीड जिल्हा)

रुग्णाच्या संमतीविना त्याला मनोरुग्णालयात दाखल करू पाहणारे नातेवाईक, डॉक्टर व पोलीस यांची कायदेशीर जबाबदारी आणि त्यांना मिळणारे संरक्षण.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून दाखल करण्याचा आदेश मिळवायचा, अशी रीत होती. सद्भावनेने वागणाऱ्या कोणाही व्यक्तीला कलम ९२ चे संरक्षण असे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने हे छत्र आखडले. त्याचे कलम ११९ शासन आणि मानसिक आरोग्य प्राधिकरण व पुनरावलोकन मंडळाचे अध्यक्ष-सदस्य यांचाच उल्लेख करते. अर्ज करणाऱ्या भावाचा किंवा दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरचा नाही. हा बदल योग्यच आहे, कारण इथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते.

आता रुग्णाने किंवा कायद्याने ठरवलेल्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन स्वतंत्र तपासण्यांनंतर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते (कलम ८९). मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७ दिवसांत, स्त्री वा अल्पवयीन असल्यास ३ दिवसांत कळवावे लागते. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनास ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही (कलम १०८).

बीडकरांपुढे प्रश्न अंतराचाही आहे : ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील जुन्या शासकीय मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. बीडमधील कुटुंबांना जवळचा शासकीय आधार अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा. अंतर कितीही असो, रुग्णाला साखळीने बांधण्यास कलम ९५ ची मनाई आहे.