पुरेशी व्यवस्था

ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्गमध्ये फॉस्टर स्ट्रीटला लिटल इंडिया म्हणतात. सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या वयाची माणसं तिथे उन्हाची बाजू धरून चालत असतात. ओळख झाली की पहिला प्रश्न गावाचा आणि दुसरा, "कितीवर आलात?" उत्तर व्हिसाच्या आकड्यात द्यायचं. सहाशेवर म्हणजे पाहुणे, फार तर एका दमात वर्षभर. आठशे सत्तरवर म्हणजे तीन किंवा पाच वर्षं. कुणी एकशे त्रेचाळीस म्हटलं की बाकीचे क्षणभर गप्प होतात. त्याच्या मुलाने काय मोजलं असेल याचा मनात हिशेब चाललेला असतो.

मी आठशे सत्तरवर आहे. सांगलीला सरकारी विमा कंपनीच्या शाखेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच परदेशी जाणाऱ्यांच्या मेडिक्लेमच्या टेबलावर. इथल्या म्हाताऱ्यांना व्हिसाचे आकडे पाठ झालेत. मला त्यामागचे कागद पाठ आहेत.

आमच्याकडे मेडिक्लेम आला १९८६ साली. परदेशवारीच्या पॉलिसीत हप्ता रुपयांत भरायचा आणि क्लेम डॉलरमध्ये मिळायचा. परकीय चलन जपून वापरायच्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. फॉर्मवर दोन दर असत, अमेरिका-कॅनडा धरून आणि ते वगळून. ऑस्ट्रेलिया स्वस्त रकान्यात. साठीपुढच्या माणसाला ईसीजी काढ, लघवीतली साखर तपास, डॉक्टरची सही आण, असं सगळं करावं लागे. मुलाकडे निघालेले निवृत्त मास्तर माझ्यासमोर बसून विचारायचे, "मॅडम, बीपीची गोळी लिहायलाच हवी का?" मी म्हणायची, "लिहा सर. नाही लिहिली तर पुढे तुम्हालाच त्रास." लिहिली तरी त्रास त्यांनाच होता. आधीपासूनचा आजार पॉलिसीच्या बाहेर, हे वाक्य मागच्या पानावर बारीक अक्षरात असायचं आणि त्या पानावर कुणाचं बोट फिरताना मी पाहिलं नाही.

शेंगेन देशांनी निदान आकडा तरी छापला. जून २००४ पासून व्हिसा हवा असेल तर किमान ३०,००० युरोंचं विमासंरक्षण. टेबलावर काम सोपं झालं, आकडा जुळला की शिक्का. ऑस्ट्रेलियाचं तसं नाही. १९९४ च्या इमिग्रेशन नियमावलीत व्हिसाला जोडायच्या अटींची एक यादी आहे, तिच्यात ८५०१ क्रमांकाची अट एका वाक्याची. ऑस्ट्रेलियात असेपर्यंत आरोग्यविम्याची पुरेशी व्यवस्था कायम ठेवावी. पुरेशी! किती डॉलरची, कोणत्या आजाराची, या वाक्यात काही नाही. एकतीस वर्षं विम्यात घालवलेल्या बाईला हा शब्द वाचून हसावं की घाम पुसावा कळत नाही.

डँडेनॉन्गच्या जुन्या लोकांना हा प्रश्न असा पडला नव्हता. १९५० च्या दशकात इथे इंटरनॅशनल हार्वेस्टर, हाइन्झ आणि होल्डन असे तीन मोठे कारखाने आले आणि युरोपातून माणसं येऊन ते चालवू लागली. आपल्याला तेव्हा दार बंदच होतं. गोऱ्यांपुरतं स्थलांतर हे धोरण शेवटी १९७३ मध्ये संपलं. पाठोपाठ १९७५ मध्ये मेडिबँक आली, ती मोडली आणि १ फेब्रुवारी १९८४ ला मेडिकेअर नावाने पुन्हा उभी राहिली. माझ्या मते खरी रेघ तिथे ओढली गेली. त्याआधी, मेडिबँकचा काळ सोडला तर, आजारी पडलेला पाहुणा आणि आजारी पडलेला घरधनी, दोघेही खिशात हात घालत होते. हिरवं कार्ड आलं तसं कार्डवाले आणि बिनकार्डवाले असे दोन झाले.

त्यातही काही बिनकार्डवाल्यांना मागच्या दाराने आत घेतात. आमच्या शेजारी एक माल्टीज आजी राहतात, नवरा होल्डनमध्ये होता. मागच्या वर्षी त्यांची बहीण माल्टाहून आली. माल्टा, इटली, ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स अशा अकरा देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यकरार आहे, त्यामुळे बहिणीला गरजेचे उपचार सहा महिन्यांपर्यंत मेडिकेअरमधून. ती सत्त्याऐंशीची, हातात काठी, आणि विम्याचा कागद नाही. मी तिला चहा दिला. मनात थोडी जळले, खोटं कशाला बोलू. अकरा देशांत भारत नाही.

पैसेवाल्या निवृत्तांसाठीही एक वाट होती. ४१० नावाचा निवृत्तीचा व्हिसा, अट अशी की स्वतःचा विमा आणा, स्वतःच्या पैशाने राहा. ब्रिटनमधले बरेच त्यावर आले. १ जुलै २००५ ला तो नव्या अर्जांना बंद झाला. त्याच्या जागी आलेला ४०५ लाखो डॉलर गुंतवा म्हणत होता, तोही १ जून २०१८ ला बंद. आमच्यासारख्या पेन्शनरांचा त्याच्याशी संबंध दुकानाच्या काचेतून बघण्यापुरता.

आई-बापांचं दार वेगळं, त्याला चाळणी आहे. निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची हवीत, नाहीतर इथली संख्या दुसऱ्या कुठल्याही एका देशातल्यापेक्षा जास्त हवी. आम्हाला तीन मुलं. थोरली पुण्यात, मधली कोल्हापूरला, धाकटा इथे. एकास दोन, नापास. दोन मुली झाल्या म्हणून सासूबाईंची बोलणी मी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी खाल्ली, आता त्याच मुलींमुळे ऑस्ट्रेलिया सरकारच्या हिशेबात उणी ठरले. पास झालो असतो तरी साध्या रांगेत सरकार स्वतःच तीसेक वर्षं सांगतं. आणि पैसे भरून लवकर नंबर लावायचा १४३, जो २००३ मध्ये सुरू झाला, त्याचा दुसरा हप्ता बरीच वर्षं माणशी ४३,६०० डॉलर होता. वर मुलाने दहा वर्षांची हमी द्यायची. कारण सरळ सांगितलेलं, म्हातारी माणसं दवाखान्याला महाग पडतात. मला यात अपमान वाटत नाही. मीही वयाप्रमाणे हप्ता वाढवायचेच.

२०१७ मध्ये आम्ही सहाशेवर आलो होतो. भारतातूनच प्रवासविमा काढला. कंपनीचं नाव सांगत नाही, मीही त्याच धंद्यातली. ऑगस्टच्या थंडीत रात्री दोनला ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली, रात्रभर तपासण्या झाल्या, हृदय ठीक निघालं, बीपी मात्र खूप चढलेलं. व्हिक्टोरियात ॲम्ब्युलन्स फुकट नसते, हे बिल आल्यावर कळलं, नुसती तीच हजार डॉलरच्या वर. क्लेम पाठवला. सहा आठवड्यांनी पत्र आलं. दहा वर्षं बीपीची गोळी चालू आहे, सबब आधीपासूनचा आजार, सबब दावा नामंजूर. पत्रातला शब्दन् शब्द माझ्या ओळखीचा होता. अशी पत्रं मी टाइप केली आहेत, खाली "आपली विश्वासू" लिहून. मुलगा चिडला, लेखी तक्रार करू म्हणाला. मी म्हटलं, "नको रे, पत्र बरोबर आहे." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पलीकडच्या पार्टीची आहे.

आठशे सत्तरचा जन्म निवडणुकीतून झाला. २०१६ च्या प्रचारात आई-बापांच्या लांब मुक्कामाचं आश्वासन दिलं गेलं, नोव्हेंबर २०१८ मध्ये कायदा संसदेत मंजूर झाला, एप्रिल २०१९ पासून मुलांचे अर्ज घेऊ लागले. सुरुवातीला तीन वर्षांना ५,००० डॉलर होते, पाचला १०,०००. मुलं किती आणि कुठे ते विचारत नाहीत, म्हणून आम्ही बसलो. पण एका घरात एका वेळी दोनच आई-बाप. लेबर पक्ष त्या वर्षी म्हणत होता की चौघांनाही येऊ देऊ, तेही पाव किमतीत. मे महिन्यात तो पक्ष हरला आणि आमच्या घरात पेच राहिला. सून एकुलती एक, तिचे आई-बाबा नाशिकला. दोन खुर्च्या आणि चार माणसं. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही या हो, तुम्हाला गुडघ्यांचा त्रास, आम्ही वर्षावर्षाने येऊ." आम्ही आलो. सुनेने तोंडाने एक शब्द काढला नाही. त्या दिवशी तिने दोनदा भांडी घासली, एवढंच.

या वेळी विमा इथल्याच कंपनीचा, परदेशी पाहुण्यांसाठीचा. दोघांचा वर्षाचा हप्ता माझ्या तीन महिन्यांच्या पेन्शनएवढा. कार्ड हातात आल्यावर सवयीप्रमाणे मी मागून वाचायला घेतलं. आधीपासूनच्या आजाराला बारा महिने थांबा, मग मिळेल. थांबा म्हणजे कायमचं नाही म्हणत नाहीत, ही माझ्या लेखी सुधारणाच. स्वयंपाकघरात सांगलीहून मागवलेलं यंदाचं कालनिर्णय टांगलंय. बारा महिने ज्या दिवशी पुरे होत होते तिथे मी लाल पेन्सिलीने गोल केला, वाराखाली, संकष्टीच्या शेजारी. गॅसच्या सिलिंडरची तारीख तिकडे अशीच लिहायची.

तो दिवस परवा उजाडला. मंगळवार, म्हणजे डँडेनॉन्ग मार्केटचा दिवस. हे कोथिंबिरीच्या तीन जुड्या आणि भेंडी घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि कॅलेंडरसमोर उभे राहून म्हणाले, "मग आजपासून छातीत दुखलं तर चालेल ना?"

"थांबा," मी म्हटलं, "ॲम्ब्युलन्सचं पान वाचायचं राहिलंय."