गवताचा पूल आणि मिकाएलाची वाट



दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची फार उंच डोंगररांग आहे. हल्ली जगभरातली तरुण मुलं-मुली पाठीवर सॅक टाकून तिथे जातात. पेरू देशातल्या कुस्को शहरापासून तितिकाका तलाव, पुढे बोलिव्हियातलं पोतोसी, अशी गावोगाव उतरत बसने आणि पायी हिंडतात. हवा इतकी विरळ की चार पावलांत धाप लागते. आपल्याला काही तिकडे जायचं नाही. पण त्या वाटा कुणाच्या कष्टावर उभ्या राहिल्या हे वाचलं, तेव्हा आम्हांला वाटलं की हे गटातल्या बायकांना सांगायलाच हवं.

पाचशे वर्षांपूर्वी तिथे इंका राजांचं राज्य होतं. त्यांच्या रस्त्यांचं जाळं सुमारे ३०,००० किलोमीटरचं. चाकाची गाडी नाही, घोडा नाही, बैल नाही. ओझं माणसाच्या पाठीवर, नाहीतर लामाच्या. लामा म्हणजे उंटाच्या कुळातलं लोकरीचं जनावर. राजाच्या कामावर गावांनी आळीपाळीने माणसं पाठवायची, त्याला ‘मिता’ म्हणत. कामावरच्या माणसाला राजाच्या कोठारातून जेवण मिळे. इंका राजे संत होते असं नाही, सक्ती होतीच. गावात आपसांत मात्र आपल्यासारखी सावड चाले, आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. केचुआ भाषेत तिला ‘आयनी’ म्हणतात. ती आजही चालते.

१५३२ मध्ये स्पेनचे लोक आले. १५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. मग तोलेदो नावाच्या त्यांच्या कारभाऱ्याने ‘मिता’ हे जुनं नाव तसंच ठेवलं आणि आतलं सगळं बदललं. ठरवून दिलेल्या मुलखातल्या सातांतला एक पुरुष दरवर्षी खाणीत जायचा. आपल्याकडच्या वेठबिगारीसारखंच. पुरुष एकटा जात नसे. बायको, पोरं, लामा, शिधा घेऊन सगळं घर आठवडेच्या आठवडे त्याच रस्त्याने चालत जाई. कितीतरी परतलेच नाहीत.

कुस्कोच्या दक्षिणेला तुंगासुका गावात मिकाएला बास्तिदास राहायची. तिचा नवरा होसे गाब्रिएल गावांचा मुखिया, याच वाटांवर खेचरांच्या तांड्याने मालवाहतूक करायचा. खाणीची वेठ माफ करा म्हणून १७७७ मध्ये तो लिमा शहरी अर्ज घेऊन गेला. कुणी ऐकलं नाही. नोव्हेंबर १७८० मध्ये त्याने ‘तुपाक अमारू’ या नावाने बंड पुकारलं. तो फौज घेऊन फिरे, आणि तुंगासुकातून धान्य, पैसा, हत्यारं, निरोप हे सगळं मिकाएला पाहायची. वाटेने सुखरूप जायचं तर तिचा परवाना लागे. नवरा गावागावांत वेळ घालवतोय, कुस्कोवर चालून जात नाही, म्हणून तिने पत्रातून त्याची चांगलीच कानउघाडणी केली. तिचं म्हणणं बरोबर होतं. तो पोहोचेपर्यंत शहर सावध झालं होतं. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात दोघांना आणि त्यांच्या थोरल्या मुलाला ठार मारलं. खाणीची वेठ कायद्याने बंद झाली ती १८१२ मध्ये.

तुंगासुका ज्या कानास भागात आहे, त्याच भागात अपुरीमाक नदीवर केस्वाचाका हा गवताचा पूल आहे. लांबी सुमारे २८ मीटर. दर जूनमध्ये चार गावं जुना पूल काढून नवा बांधतात. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी जत्रा. प्रत्येक घराने ठरलेली दोरी आणायचीच. ती बायका वळतात, अगदी आपण सुंभ वळतो तशी, दोन तळव्यांत गवत फिरवून. पुरुष त्यांचे जाड दोर करून पूल ओवतात. काम चालू असताना बायकांनी मात्र पुलाजवळ जायचं नाही, अपशकुन होतो म्हणे! आमच्या बैठकीत यावर बराच वेळ बोलणं झालं. जिच्या हातची दोरी, तिचाच अपशकुन? तिथल्या बायकांना काय वाटतं, ते त्यांनाच विचारायला हवं.

२०२० मध्ये कोरोनामुळे पूल बांधलाच नाही. मार्च २०२१ मध्ये जुना पूल नदीत कोसळला. त्याच वर्षी जूनमध्ये, तोंडाला मास्क लावून, चारही गावं पुन्हा कामाला लागली आणि काठावर बसून बायकांनी दोऱ्या वळायला घेतल्या.