यवनांचे घर कोणते?

कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकटाच्या काही दात्यांनी तिथे स्वतःला ‘यवन’ म्हणवले आहे. हे लोक वंशाने ग्रीक होते की नुसते पश्चिमेकडून आलेले व्यापारी, यावर विद्वानांत एकमत नाही. मला मात्र आधी त्या शब्दानेच अडवले. यवन म्हणजे नेमके कुठले?

इराणच्या दारयवहू राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरवलेल्या लेखात ‘यौन’ असे नाव येते. ते आयोनियाचे. आयोनिया म्हणजे एजियन समुद्राचा पूर्व किनारा आणि लगतची बेटे. मिलेटस, एफिसस ही तिथली नगरे, आणि थेलीस हा तत्त्वज्ञ मिलेटसचाच. इराण्यांना शेजारी म्हणून लाभलेल्या या ग्रीकांचे नाव पूर्वेकडे साऱ्याच ग्रीकांना चिकटले. ते स्वतःला हेलेनीस म्हणवत. ‘ग्रीक’ हे लॅटिनमधून पसरलेले नाव.

ग्रीकपणाच्या खुणा हेरोडोटसने अथेन्सकरांच्या तोंडी घातल्या आहेत: एक रक्त, एक भाषा, समान देवस्थाने आणि यज्ञ, सारखे आचार. या यादीत भूमी नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. खुद्द हेरोडोटस हालिकार्नाससचा; ते गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बोद्रुम.

भूमीचा हिशेब पुढे आला तो आधुनिक राष्ट्रराज्यांच्या काळात. १८३० मध्ये ग्रीसच्या स्वातंत्र्याला मान्यता मिळाली, तेव्हा हा किनारा त्याच्या हद्दीबाहेर होता. १९१९ ते १९२२ च्या युद्धात ग्रीस हरला. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. आधी पळून आलेले धरून सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले; सुमारे ४ लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. निकष भाषेचा नव्हता, धर्माचा होता. त्यामुळे कॅपाडोशियातील तुर्की बोलणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरले आणि क्रीटमधील ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’. मायदेशी पाठवतो म्हणून या माणसांना त्यांच्याच गावांतून उठवले गेले. फाळणी ठाऊक असलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

निर्वासितांनी अथेन्सजवळ वसवलेल्या एका वस्तीचे नाव आहे ‘नेआ इओनिया’, म्हणजे नवी आयोनिया. आयोनियाच्या मूळ किनाऱ्यावरची ग्रीक वस्ती मोडली. नाव मात्र त्या उपनगरात राहिले, आणि कार्ल्याच्या दगडातही.