माळ्यावर न चढलेला डबा

मुरबाडकडच्या आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात खरी कोरडी जागा एकच, चुलीवरचा माळा. बियाणं, सुका जवळा, मिरच्या, सगळं तिथे धुरात. आबांच्या ठासणीच्या बंदुकीच्या दारूला मात्र तिथे मज्जाव. ओल तर तिलाही सोसत नाही. सर्दावली की बार फुसका, आणि रानडुकरं भात तुडवून मोकळी.

बंदूक पिकाच्या राखणीची, परवाना ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतला. दारू घट्ट झाकणाच्या लाकडी डब्यात, डबा पडवीच्या टोकाच्या खोलीत, चुलीपासून लांब, कुलपात. रानात न्यायची तेवढीच शिंगात. टोप्या निराळ्या, आजीच्या फडताळात. श्रावणात ऊन पडलं की आबा दारू सुपात पसरून अंगणात ठेवत. तेवढा वेळ विडी ओढत येणाऱ्याला आजी पाणीसुद्धा विचारत नसे.

हे आबांना कुणी शिकवलं कोण जाणे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र वाचलं, १७१५च्या सुमाराचं, आणि हसूच आलं. दारूखाना घराजवळ नको, वाऱ्याच्या तोंडी नको, भोवती झाडांचं दाट कुंपण, आत माच्यावर मडकी, आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यायचं. पंतांनी आमची पडवीच पाहिली होती म्हणायची! एवढं करूनही आभाळापुढे इलाज नाही. ११ सप्टेंबर १७५१ला सिंहगडाच्या दारूकोठारावर वीज पडली आणि फडणिसांचं घर माणसांसकट गेलं.

पण आबा दाखला द्यायचे तो मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाचा. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमधलं फोर्ट स्टिकिन जहाज. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गाठी. कल्याणच्या आत्याकडे म्हणे त्या दुपारी फळीवरची भांडी वाजली. ती भूकंप समजून पोरं घेऊन रस्त्यावर आली. आत्या गोष्ट वाढवून सांगायची, हेही खरं. "कापूस नि दारू एका घरात? आमची म्हातारी असती तर जहाजावर चढूच दिलं नसतं," आबा म्हणत. म्हातारी म्हणजे आजी, आणि ती समोरच तांदूळ निवडत बसलेली असे.

आबा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. डब्याच्या तळाशी मूठभर दारू निघाली. आजीने ती बादलीभर पाण्यात कालवून भेंडीच्या आळ्यात ओतली. दारूतला सोरा पाण्यात विरघळतो, आणि शेवटी खतच तो.